दुसऱ्या खेळाडूची पाळी

त्या खेळाला संगीत आहे हे मला बारा वर्षांनी कळलं.

२००९ साल. घरात नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. बायको शाळेत शिकवायची, तिला चाचण्यांचे पेपर टाइप करायला लागायचे म्हणून आम्ही कॉम्प्युटर घेतला होता. एका रविवारी सकाळी ती आमच्या मुलीला घेऊन भावाकडे गेली होती आणि मी एकटाच इंटरनेटवर काहीबाही बघत बसलो होतो. कुणीतरी एक वेबसाइट काढली होती. जुने, डॉसच्या काळातले गेम घेऊन ते नव्या मशीनवर चालतील असे करून पुन्हा विकायचे. यादी खाली सरकवत गेलो आणि एका नावावर थांबलो. चित्र ओळखीचं नव्हतं, कारण खोक्यावरचं चित्र आम्ही कधी बघितलंच नव्हतं. आमच्याकडे होत्या सात फ्लॉपी, कुणाच्या तरी कुणाकडून कॉपी होत आलेल्या, आणि त्यांच्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं हे नाव. तेही स्पेलिंग चुकवून.

कार्डाने विकत घेतला. दहा मिनिटांत उतरला. आमच्या काळात त्या सात फ्लॉपी एकामागून एक घालताना पाचवी अडकायची आणि ती काढून शर्टाला पुसून परत घालायला लागायची.

खेळ सुरू झाला आणि स्पीकरमधून संगीत आलं. खोल, सावकाश, मोठ्या घुमटात कुणी गातंय असं. मी दचकलो. आमच्या त्या मशीनला साउंड कार्ड नव्हतं. आम्ही दीड वर्ष तो खेळ मुक्याने खेळलो होतो. मधूनमधून डब्यातून एक ‘टिक’ यायचा, तेवढाच आवाज. मला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की हे त्याला ऐकवायला पाहिजे. आणि मग आठवलं की आपण त्याच्याशी बारा वर्षं बोललेलो नाही.

तो मुरगूडचा. घरी शेती, चार म्हशी; वडलांना तो आबा म्हणायचा. कोल्हापुरात बी.कॉम. करत होता आणि शाहूपुरीतल्या एका डीटीपीच्या दुकानात अर्धवेळ टायपिंग करत होता. मी जयसिंगपूरचा, वडील शाळेत शिपाई. पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला म्हणून कोल्हापुरात आलो. आमची ओळख खानावळीत झाली. त्याच्या खोलीवरचा जोडीदार सोडून गेला होता आणि तो दुसरा शोधत होता.

मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. माझं आडनाव असं आहे की ते शेतकऱ्यांच्या घरांतही असतं आणि आमच्यातही. लोक ऐकतात आणि सोयीचं ते धरून चालतात. मला नंतरची कटकट नको होती.

“आम्ही बौद्ध,” मी म्हणालो.

तो आमटी ओरपत होता. वाटी खाली ठेवून म्हणाला, “बरं मग? घोरतोस का, ते सांग.”

“न्हाय.”

“मग ये की सामान घेऊन.”

असा मी त्याच्या खोलीवर आलो. बंगल्याच्या मागच्या बाजूला एक खोली, स्वतंत्र दार, समोर अंगणात नळ. पुढच्या घरात मालकीणबाई, त्यांचे मिस्टर आणि म्हाताऱ्या सासूबाई. मालकीणबाईंना आम्ही काकू म्हणायचो. चांगल्या होत्या, हे मला आजही म्हणायला लागतं. पहिल्या पावसाळ्यात मला ताप आला तेव्हा त्यांनी तीन दिवस मऊ भात आणि लिंबाचं लोणचं आणून दिलं. ताट घ्यायला आल्या की दारातूनच विचारायच्या, “जरा खाल्लं का ओ?” आणि ताटात भात उरलेला दिसला की रागवायच्या.

दुकान रविवारी बंद असायचं. मालकाचा त्याच्यावर विश्वास, म्हणून किल्ली त्याच्याकडे. रविवारी सकाळी दहाला आम्ही शटर अर्धं वर करून आत शिरायचो आणि पाचपर्यंत खेळायचो. बाहेर शाहूपुरी सुस्त पडलेली असायची. मधे कधी वीज गेली की आम्ही पायरीवर बसून शेंगा खायचो आणि आपापल्या राज्याच्या बढाया मारायचो.

खेळ असा होता. पडदाभर काळं आकाश आणि त्यात ठिपक्यांसारखे तारे. सुरुवातीला तुमच्याकडे एक ग्रह आणि दोन-तीन जहाजं. एकेक तारा शोधायचा, राहण्यासारखा असला तर तिथे वस्ती करायची, कारखाने उभारायचे, नवी यंत्रं शोधायची. शेजारी भेटला तर त्याच्याशी तह करायचा नाहीतर लढायचं. घाई काही नाही. एकाने आपली पाळी खेळायची, मग दुसऱ्याने. एकाच मशीनवर दोघं असले तर एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याने तोंड फिरवून बसायचं, म्हणजे डाव दिसायला नको. आमच्या मागे भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने टांगलेले असायचे. माझे ते सगळे पाठ झाले होते.

खेळ चालू करताना पडद्यावर एक प्रश्न यायचा. पुस्तिकेतल्या अमुक पानावरचं जहाज कुठलं, असा. चोरीची प्रत पकडायला केलेली ती युक्ती. आमच्याकडे पुस्तिका कुठली! आम्ही अंदाजाने उत्तरं देत गेलो, चुकलं की परत पहिल्यापासून, आणि बरोबर आलेली उत्तरं एका वहीत लिहून ठेवली. दोन महिने लागले. ती वही त्याने जिवापाड जपली होती.

इंग्रजी दोघांचंही बेताचं. ‘तह’, ‘हद्द’, ‘मित्रराष्ट्र’ यांचे इंग्रजी शब्द मी खिशातल्या डिक्शनरीतून त्या पडद्यासमोर शिकलो. काही ग्रहांच्या नावापुढे ‘पुअर’ लिहून यायचं. आम्ही समजलो, तिथली माणसं गरीब. मी असले ग्रह टाळायचो, कारण तिथे कारखाने चालायचे नाहीत. तो मात्र ते आधी घ्यायचा.

“अरे, काय मिळणार तिथं?” मी म्हणायचो.

“मिळू दे न्हाय तर न मिळू दे. गरिबाचं गाव हाय, कुणीतरी बघाय नको?”

आणि मग हरायचा. हरला की मोठ्याने हसायचा, माझ्या पाठीत एक गुद्दा घालायचा. आमच्या दोघांत खेळातल्या नियमाप्रमाणे तह असायचा, बाकीच्या राजांशी लढायचं, एकमेकांशी नाही. कुणीतरी एकाने शेवटी जिंकायचं म्हणून शेवटच्या तासाला तह मोडायचा. पण बहुतेक वेळा पाच वाजायचे आणि तह तसाच राहायचा.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, लग्न ठरलं. पत्रिका जयसिंगपुरातच छापल्या. वर पिंपळाच्या पानात बुद्धाचं चित्र, खाली लाल अक्षरांत ‘मंगल परिणय’, आणि विवाह बौद्ध पद्धतीने होईल असं लिहिलेलं. वडिलांनी मला दहा पत्रिका दिल्या आणि बजावलं, “तुझ्या घरमालकांना पहिली दे. परक्या गावात त्यांनी तुला सांभाळलंय.”

त्याने तर ठरवूनच टाकलं होतं. “मी आदल्या दिवशी येणार. वाढायला मी. पंगतीत कुणाला मागं सोडणार न्हाय.”

शनिवारी संध्याकाळी मी हातपाय धुऊन, धुतलेला शर्ट घालून पुढच्या दाराला गेलो. काकूंच्या हातात पत्रिका दिली. पाकिटावर मी स्वतः वळणदार अक्षरात त्यांचं नाव लिहिलं होतं. त्या कौतुकाने म्हणाल्या, “अगं बाई, बहिणीचं लगीन! बसा की, चहा टाकते.” मी म्हणालो, नको, मेसला जायचंय.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी साडेनऊला आम्ही दुकानात जायला निघालो होतो. तो उंबऱ्यावर बसून सँडलचे पट्टे लावत होता, मी कुलूप हातात घेऊन उभा. काकू अंगणातून आल्या. नळापाशी थांबल्या. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्याच्याशी बोलल्या.

“हे बघा, तुमी राहा. तुमचं कायबी न्हाय. पण ह्यास्नी दुसरीकडं बघाय सांगा. मला काय न्हाय ओ, पण सासूबाईंचं देवाधर्माचं असतंय. म्हयनाअखेरपत्तुर राहू देत, मी काय लगेच जावा म्हणत न्हाय.”

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान वर केली नाही. पट्ट्याचं बक्कल एका भोकात घातलं, काढलं, दुसऱ्या भोकात घातलं. मला वाटलं आता हा उठेल. त्याचा आवाज मला माहीत होता. भाजीवाल्याने वजनात मारलं तरी सगळी गल्ली गोळा करणारा तो माणूस.

तो म्हणाला, “व्हय काकू.”

एवढंच. काकू गेल्या. तो उठला, पँट झटकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “चल की. उशीर झाला.”

आणि मी गेलो. याचं मला आजही नवल वाटतं. मी त्याच्यामागून चालत दुकानापर्यंत गेलो, शटर वर करायला हात लावला, आत बसलो, आदल्या रविवारचा अर्धवट डाव आम्ही उघडला. तो खेळला. मी तोंड फिरवून पत्रिकांचे नमुने बघत बसलो. मग मी खेळलो. असं किती वेळा झालं कोण जाणे. एक शब्द नाही. साडेबाराच्या सुमारास त्याची पाळी संपली आणि तो म्हणाला, “हं, तुझी.” मी पडद्याकडे वळलो. आकाशभर ठिपके होते आणि मला त्यातला एकही दिसत नव्हता.

“आलो जरा,” मी म्हणालो.

खोलीवर गेलो. एक ट्रंक, एक वळकटी, पुस्तकांची पिशवी. काकूंच्या घराचं दार लावलेलं होतं. दुपारच्या पॅसेंजरने जयसिंगपूरला उतरलो.

घरी मी सांगितलं की खोली कॉलेजपासून लांब पडते, परीक्षा होईपर्यंत येऊन-जाऊन करतो. आई लग्नाच्या गडबडीत होती. वडिलांनी ट्रंकेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “काकूंना पत्रिका दिलीस?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दिली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ते परस्पर स्टेशनवर जाऊन माझा रेल्वेचा पास काढून आले आणि माझ्या उशाशी ठेवला. त्या पासाकडे बघून मला जे रडू आलं, ते आदल्या दिवशी आलं नव्हतं.

आक्काच्या लग्नाला तो आला नाही. मी पंगतीत वाढत होतो आणि मांडवाच्या दाराकडे बघत होतो. फुलं पडली, जेवणं झाली, आक्का गाडीत बसली. तो आला असता तर मी त्याच्याशी बोललो असतो की नाही, मला माहीत नाही. पण दाराकडे बघत होतो हे खरं.

त्यानंतर डिप्लोमा झाला, सरकारी नोकरी लागली, बदल्या झाल्या. लग्न झालं, मुलगी झाली. वडील गेले. शेवटची बदली कोल्हापुरात झाली आणि आम्ही इथेच फ्लॅट घेतला. त्या गल्लीवरून मी कितीदा तरी गेलो असेन. त्याचं नाव मी घरात कधी काढलं नाही. बायकोला ठाऊक नव्हतं की मी कधी कुणाबरोबर खोलीवर राहिलो होतो.

आणि त्या रविवारी स्पीकरमधून ते संगीत आलं.

खेळाने विचारलं, खेळाडू किती? मी सवयीने दोन म्हणालो. मग दोन्ही बाजूंनी मीच खेळत बसलो. पहिल्याची पाळी झाली की दुसऱ्याची. ‘पुअर’ ग्रह दिसला की दुसऱ्या बाजूने मी तो घ्यायचो, कारण त्याने घेतला असता. दुपारी बायको आली, तेव्हा मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलो होतो.

“अहो, भिंतीकडे काय बघताय?”

“काही नाही. दुसऱ्याची पाळी चालू आहे.”

तिने वाकून बघितलं. खोलीत मी एकटाच होतो. ती आत गेली.

खेळाबरोबर आता पुस्तिकाही आली होती. जी नव्हती म्हणून आम्ही दोन महिने अंदाज करत बसलो, ती सगळीच्या सगळी. मी ती पहिल्या पानापासून वाचली. ‘पुअर’ म्हणजे माणसं गरीब असं नव्हतंच. त्या ग्रहाच्या पोटात खनिज कमी, एवढाच अर्थ. तिथे माणसं नव्हतीच मुळी. दीड वर्ष त्याने ज्यांच्यासाठी हार खाल्ली ती गरीब माणसं कधी नव्हतीच. मी हसायला लागलो आणि हसता हसता माझा आवाज वेगळाच निघाला. मुलगी दारात येऊन उभी राहिली, “बाबा, काय झालं?” म्हणून. मी डोळ्यांत काही गेलं असं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मी शाहूपुरीत गेलो. डीटीपीच्या दुकानात आता मोबाइल विकत होते, पण मालक तेच होते, म्हातारे झालेले. त्यांनी मला ओळखलं नाही. त्याचं नाव सांगितल्यावर मात्र लगेच म्हणाले, “तो व्हय? मुरगुडात स्वतःची प्रेस हाय की त्याची. लग्नपत्रिका छापतोय.” आणि नंबर दिला.

नंबर खिशात घेऊन मी चार दिवस हिंडलो. मग एका दुपारी ऑफिसच्या गच्चीवर जाऊन लावला.

“कोण?”

“मी. जयसिंगपूरचा.”

पलीकडे यंत्राची घरघर चालू होती. ती बंद झाली. मग तोच आवाज, कानाचा पडदा फाडणारा. “अरं तिच्यायला! मर्दा, जिता हायस व्हय तू? कुठं हायस?”

मी खेळाचं सांगितलं. तो येतो म्हणाला. खरंच पुढच्या रविवारी आला, मोटरसायकलवर, मुरगूडहून पेढे घेऊन. अंगाने सुटला होता, चष्मा लागला होता. आल्या आल्या त्याने माझ्या पाठीत गुद्दा घातला, बायकोला “वहिनी” म्हणून हाक मारली, मुलीला विचारलं, “तुझा बाप घोरतो का गं आता?” अर्ध्या तासात सगळं घर त्याचं झालं.

मी त्याला संगीत ऐकवलं. तो खुर्चीत पुढे सरकून, तोंड जरा उघडं ठेवून ऐकत राहिला. “आयला,” एवढंच म्हणाला. मग ‘पुअर’चा अर्थ सांगितला तेव्हा इतका हसला की चष्मा काढून पुसला. आम्ही नवा डाव मांडला. तो खेळला, मी खेळलो. बायको स्वयंपाकघरात होती. त्याची पाळी चालू होती आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, तेव्हा माझ्या मागून तो सहज म्हणाला,

“तू असा न सांगता का गेलतास रे? मी बसलोतो वाट बघत. तुझी पाळी होती.”

मी वळलो. तो पडद्याकडेच बघत होता.

“तुला माहीत नाही?”

“न्हाय. मला वाटलं, लगीन हाय घरात, गडबड असंल. मग आलाच न्हाईस.”

मग मी सांगितलं. पत्रिका, नळ, काकू काय म्हणाल्या ते शब्द. बक्कल. आणि त्याचा तो एक शब्द. बारा वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना माझा आवाज घरातल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी खाली ठेवला होता, जणू काही लपवण्यासारखं मीच केलं होतं.

त्याचा हात माउसवर तसाच होता.

“असं झालतं?”

“हो.”

“मी तिथं होतो?”

“तू ‘व्हय’ म्हणालास.”

त्याने माउस सोडला. मग म्हणाला, “आईशप्पत, मला आठवत न्हाय.”

बायकोने जेवायला हाक मारली. तो पोटभर जेवला, सुक्या मटणाला दाद दिली, आणखी भाकरी मागून घेतली. जेवताना बायकोला म्हणाला, “वहिनी, कुणाचं लगीन निघालं तर सांगा. तुमच्याकडच्या पत्रिका बी करतो मी. पिंपळाचं पान, मंगल परिणय, सगळं.” बोलून गेला आणि ताटाकडे बघून भाकरी मोडायला लागला. मीही ताटाकडे बघितलं.

तो गेल्यावर बायको म्हणाली, “किती चांगला माणूस आहे हो. एवढ्या वर्षांत कधी बोलावलं का नाहीत?” मी भांडी उचलून आत नेली.

माझ्या मनात त्या दिवसापासून एकच घोळत राहिलं. तो विसरला असेल तर मी बारा वर्षं कुणाबरोबर भांडत होतो? ज्या सकाळने माझं सगळं वळण बदललं, ती त्याच्या लेखी एक साधी सकाळ होती, सँडल घालून बाहेर पडण्याची. हे मला त्या ‘व्हय’पेक्षा जड झालं. बायकोला अखेर सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, “मग मी त्याला जेवायला का वाढलं?” आणि थोड्या वेळाने, “बरं झालं वाढलं ते.” तिलाही नक्की कळत नव्हतं.

तीन आठवड्यांनी, कामाच्या दिवशी, दुपारी त्याचा फोन आला. मागे यंत्राचा आवाज नव्हता.

“बोलू का?”

“बोल.”

“मी त्या दिवशी खोटं बोललो. विसरलो नव्हतो.”

मी खुर्चीतून उठलो. ऑफिसात सगळे होते, म्हणून व्हरांड्यात गेलो.

“तुझ्या घरात बसून, तुझं अन्न पुढं येणार असताना, माझ्या तोंडातनं निघालंच न्हाय. एक दिवस विसरलो न्हाय मी. कारण बिरण काय न्हाय. लई इचार केला. घरचं सांगता येईल, की आबांनी मारलं असतं, खोली त्यांनीच बघून दिलती. पर ते न्हाय. खोली चांगली होती. नळ दारात होता. मला ती सोडायची नव्हती. एवढंच हाय बघ.” तो थांबला. “आणि म्या ती सोडली बी न्हाय. आणि दोन वर्सं राहिलो तिथंच. दुसरा जोडीदार बघितला.”

मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकलो.

“आक्काच्या लग्नाला आलतो. जयसिंगपूरच्या स्टँडवर उतरलो. तिथनं मांडव किती लांब ते बी इचारलं एकाला. आणि परतीच्या गाडीत बसलो.”

मला म्हणायचं होतं, सोड रे, झालं ते झालं. ते शब्द अगदी ओठांवर होते आणि ते म्हणालो असतो तर दोघंही सुटलो असतो. पण माझ्या डोळ्यांपुढे वडील आले, परस्पर पास काढून आणणारे. त्यांच्या वतीने मला माफ करता येईना. मी म्हणालो, “बरं झालं सांगितलंस.”

“बरं,” तो म्हणाला. फोन कुणी आधी ठेवला ते आठवत नाही.

तो डाव आम्ही पुढे खेळलो नाही. मीही एकटा खेळलो नाही. त्यानंतर फोन झाले, दिवाळीला, एकदा त्याचे आबा वारले तेव्हा. दोन-तीन मिनिटं बोलायचो, पावसाचं, पोरांच्या शाळेचं. तो पूर्वीसारखं मोठ्याने बोलायचा नाही.

वर्षभराने ऑफिसच्या कामासाठी मला मुरगूडला जायला लागलं. काम लवकर आटोपलं. प्रेस बाजारातच होती. मी आत गेलो. कुणा लग्नघरची चार माणसं कागदाचे नमुने बघत बसली होती आणि तो त्यांना दाखवत होता. मला बघून उठला, स्टूल पुढे केला, चहा सांगितला.

त्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “पावणं कुठलं म्हणायचं?”

तो माझ्याकडे बघत म्हणाला, “जयसिंगपूरचं. आमी एका खोलीत राहत होतो कोल्हापुरात.”

“अस्सं! मग जुना दोस्त म्हणा की.”

त्यावर तो काहीच बोलला नाही. मीही नाही. म्हाताऱ्याने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि परत नमुन्यांकडे वळला. चहा आला. मी प्यायलो. पाच मिनिटं बसून उठलो, बाहेर कोल्हापूरला जाणारी जीप भरायला लागली होती.

तो रस्त्यापर्यंत आला. ऊन होतं, डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. मी मागच्या सीटवर बसलो. मी ‘येतो’ म्हणालो, त्याने मान हलवली. ‘परत ये’ असं तो म्हणाला नाही, आणि त्याने ते म्हणावं अशी मी वाट बघत होतो, हे मला जीप सुरू झाल्यावर कळलं. आतून गिऱ्हाइकाने त्याला हाक मारली, तशी तो वळून दुकानात गेला.